केकवाली माणसं

मुरबाड, ४ डिसेंबर २०२४

चि. रुचितास अनेक आशीर्वाद.

फोन लावला तर तू उचलत नाहीस. मागे एकदा उचललास, तेव्हा मीच ठेवून दिला. म्हणून लिहायला बसलो. पत्र दामूच्या जीपने पाठवतोय. तो मुरबाड ते तुझं माहेर शेणवा अशी फेरी रोज करतो आणि तुझा लांबचा मामा लागतो, तेव्हा ते तुझ्याच हातात पडेल.

घाबरू नको. परत ये म्हणायला लिहीत नाही. एक अडचण आहे, कामाची, तेवढीच विचारायची आहे.

जानेवारीत आपली मनस्वी पाच वर्षांची होईल. नातीला आपल्या घरातून एक केक जावा असं मला वाटतं. रंगवायचं मला येतं. दुकानांचे बोर्ड आणि लग्नाच्या भिंती रंगवणाऱ्या माणसाला तूच केकवर बसवलंस. फ्लेक्सने माझा धंदा बसला तेव्हा मी ओट्यावर नुसता बसून असायचो, आणि तू एक दिवस फाँडंटचा, त्या साखरेच्या कणकेचा, पांढरा गोळा लाटून पुढे ठेवलास. ‘बाबा, ही पण भिंतच समजा,’ म्हणालीस. ते सगळं हाताला आठवतं. पण रंगाच्या खालचं काम तुझं होतं. केक तू भाजायचीस, बटरक्रीम तू लावायचीस, मी आयता ब्रश घेऊन बसायचो.

काल बटरक्रीम करून पाहिलं. फ्रीजमधलं बटर काढलं, साखर घातली, घोटलं. गुठळ्या मोडेनात. मग वाटी गरम पाण्यात धरली तर सगळं ताकासारखं फुटलं. चूक कुठे झाली?

ओव्हन ठीक आहे. त्यावर चादर टाकून ठेवली होती, ती मी काढली. आईला यातलं काही माहीत नाही. ती दुपारी बाहेर गेली की मी करतो.

ओमकार शेवटचा घराबाहेर पडला तो केक पोचवायला, हे खरं. पण गाडी सरळगावच्या वळणावर घसरली ती पावसाने. पोराच्या दहाव्याला मी नदीवर होतो. मागे घरात आई तुला काय बोलली ते मला घरी आल्यावर, तू गेल्यावर कळलं. त्यावर मी आज काही लिहीत नाही.

फक्त बटरचं सांग.

तुझे बाबा


मुरबाड, १९ डिसेंबर २०२४

चि. रुचिता,

दामूने तुझा निरोप दिला. बिचाऱ्याने तो रस्ताभर पाठ करत आणला होता. गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला, ‘बटर सकाळीच भायेर काढून ठेवायचं. बोट दाबलं तर खड्डा पडला पाहिजे. पहिलं नुसतं बटर पांढरं होईस्तोवर घोटायचं, साखर मंग, चाळून, थोडी थोडी. काय ओ भाऊ, दुकान काढताय काय?’

जमलं. पांढरंशुभ्र झालं, चमच्याला चिकटून राहिलं. साखर दोनदा चाळली, एकदा चाळून भागत नाही असं ठरलं.

आता रंगाची पंचाईत. फाँडंटवर ब्रश चालायचा तसा इथे चालत नाही. रंग लावला की त्याचे मणी होतात आणि ओघळतात. मी रंग पाण्यात पातळ केला होता. तू काय वापरायचीस? एक छोटी काळी बाटली असायची, तिला लिंबाचा वास यायचा, ती का? मी बाजारात विचारलं तर दुकानदाराने मला लिंबाचं सरबत दिलं.

आणि ब्रश टेकला की क्रीम दबतं. भिंत अशी दबत नाही, त्यामुळे माझा हात जड पडतो.

मनस्वीला अजून बेडूक आवडतात का? खाचरात पाणी भरलं की ती बांधावर उकिडवी बसून त्यांच्याशी बोलायची. बेडूक काढायचा विचार आहे. हिरवा की कसला ते तिला विचार, पण कशासाठी ते सांगू नको.

घरातलं सगळं ठीक आहे. म्हैस व्याली, रेडकू झालं. आईचे गुडघे थंडीत धरतात, तरी ओव्हनपाशी उभी राहते. म्हणजे, ओव्हनच्या बाजूला चूल आहे ना, तिथे.

बाबा


मुरबाड, १५ जानेवारी २०२५

चि. रुचितास आशीर्वाद.

फोटो मिळाला. दामूच्या मोबाइलवर आला, त्याने तो जीपच्या बॉनेटवर ठेवून आम्हाला दाखवला. मनस्वीचे पुढचे दात पडलेत की काय? केसही किती वाढले. केकला हात न लावता ती नुसती बेडकाकडे बघत बसलीय. गुलाबी बेडूक मी जन्मात पहिल्यांदा काढला. तिने गुलाबी सांगितला म्हटल्यावर करणार काय!

दामू म्हणाला, तू तिला बेडूक सोडून कडेने कापून दिलास, आणि बेडूक तसाच फ्रीजमध्ये ठेवावा लागला.

लिंबाचा अर्क पाठवलास ते बरं केलंस. त्यात रंग कालवला आणि केक आधी फ्रीजमध्ये घट्ट करून घेतला, मग ब्रश नीट फिरला. पाठीवर एका ठिकाणी खरवडलं गेलं, तिथे मी कमळाचं पान काढून झाकलं. तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता एक गोष्ट सांगतो. न सांगता राहवत नाही, आणि तुला एव्हाना कळलीही असेल.

केक मी केलेला नाही. आईने केला.

मी पहिलं बटर फोडलं ते खरं. ते नासलेलं भांडं मी लपवून घासायला गेलो आणि हिने ते पाहिलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेते. पण तिने भांडं ओढून घेतलं. बोट बुडवून चाखलं, थुंकलं, आणि म्हणाली, ‘तिला इचारा काय चुकलं ते.’ ते पत्र मी लिहिलं ते तिच्यासमोर बसून. ‘माझं नाव नका टाकू’ असं बजावलं म्हणून मी सगळं माझ्या नावावर घेतलं. साखर दोनदा चाळली ती हिने. लुगड्याचा धुवट तुकडा घेऊन चाळली, कारण आपली चाळणी जाड आहे.

रुचिता, ‘तुझ्या केकांनी माझा पोर खाल्ला’ हे शब्द जिच्या तोंडून गेले, ती आता पहाटे उठून ओव्हन तापवते. मला याचा अर्थ लावता येत नाही. मी तिला म्हटलं, एकदा फोन कर, बोल. तर म्हणते, ‘काय बोलू? तोंडातून निंगालं ते काय परत गिळता येतं? तुमी लिहा. लिहा की मधला भाग फुगून तडकला, तो कशानं?’

तर मधला भाग फुगून तडकला, तो कशाने?

बाबा


मुरबाड, ११ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिता,

ओव्हनची आच कमी ठेवली, आता तडकत नाही. तू स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिलीस आणि शेवटी ‘आईंना सांगा’ असं लिहिलंस. ते मी हिला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘कळलं, बहिरी नाय मी.’ पण चिठ्ठी देवाच्या फळीवर ठेवलीय.

आता शेजारपाजारचे लोक केक सांगायला येऊ लागलेत. बाळीच्या नातवाचं बारसं झालं, त्याला केला. मी वर पाळणा काढला, पाळण्याला झालर. झालरीची पाचवी चुणी बिघडली, तिथे फुलीची नक्षी काढली, लोकांना तेच आवडलं. आई मागे उभी राहून सांगते, ‘रुचिता कडेला असं नाय करायची, ती आतून घ्यायची.’ तुझं नाव घरात आता रोज येतं. आधी दीड वर्ष कोणी घेतलं नव्हतं.

मी मनात एक मांडून ठेवलं होतं. ते आता लिहून काय उपयोग, तरी लिहितो. मला वाटत होतं, होळीला हिला घेऊन शेणव्याला यावं. पुरणपोळी बांधून आणावी, अंगणात बसावं. बोलली नाही तरी चालेल, नुसतं तुझ्यासमोर बसली असती. मग उन्हाळ्यात तू मनस्वीला घेऊन चार दिवस इकडे आली असतीस.

ते मी तिला सांगणार, त्याच दिवशी तुझं मोठं पत्र आलं.

तू लिहिलंस की मनोज शहापूरला वायरमन आहे, माणूस शांत आहे, मनस्वीला आपली म्हणून वाढवीन म्हणतो. तू लिहिलंस, ‘बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल, पण मी हे लग्न करणार आहे.’

मी कशाला नाही म्हणू? तू सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर. भावाच्या संसारात एका खोलीत किती दिवस काढणार? मी दुपारी एकटाच गेलो, तळ्यावर बसलो, तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मग उठलो, तर घरची वाट सोडून तळ्याला फेरी मारत राहिलो.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिने कालच विचारलं, ‘मनस्वीच्या अंगाचा फ्रॉक शिवला तर कुठल्या मापाचा लागंल?’

बाबा


मुरबाड, २ मार्च २०२५

चि. रुचितास,

सांगितलं.

ती केकवर क्रीम फिरवत होती. हात थांबला नाही. पूर्ण फिरवून झालं, सुरी धुतली, ओव्हनचं बटण बंद केलं आणि बाहेर जाऊन बसली. दोन दिवस स्वयंपाकापुरती उठली. तो केक मी रंगवला आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकला. त्यावर काय काढलं ते मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी तिने चुना भिजवला.

आपल्या दर्शनी भिंतीवर तुमच्या लग्नाचं लिहिलेलं आहे ना. कळस, केळीचे खांब, दोन मोर आणि मध्ये ‘चि. ओमकार – चि. सौ. कां. रुचिता’. मी उभ्या तालुक्यात लोकांच्या भिंती रंगवल्या, पण घरच्या भिंतीला चार दिवस लावले होते. ‘रु’चा उकार मोराच्या मानेसारखा वळवला होता, तू तेव्हा हसली होतीस. चुन्याची बादली बघून मी ओट्यावरून उठलो. वाटलं, ही आता तुझं नाव पुसणार. मी आडवा जाणार होतो.

तिने कुंचला बुडवला आणि ओमकारच्या नावावर नेला. टेकवला नाही. हात तसाच वर धरून उभी राहिली, चुना कोपरापर्यंत ओघळला. मग कुंचला माझ्याकडे दिला.

‘तुमी लिवलं, तुमीच पुसा. तिच्या नावाला त्याचं नाव चिकटून राहिलं तर ती तिकडं कशी नांदंल? माणसं येता-जाता वाचतात.’

मी दोन्ही नावं पुसली. मोर ठेवले.

संध्याकाळी चहा पिताना म्हणाली, ‘पोरगा कसा आहे? दारूबिरू?’ मी म्हटलं, नाही. ‘आई आहे त्याला?’ म्हटलं, आहे. ‘मग ठीक,’ म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, ‘फ्रॉकचं माप नका इचारू आता.’

तू नीट रहा. आमच्याकडून तुला पूर्ण मोकळीक आहे, हे मी दोघांच्या वतीने लिहितो.

बाबा


मुरबाड, २० एप्रिल २०२५

चि. रुचिता,

तुझं पत्र मिळालं. तू चार वेळा माफी मागितलीस, तिची गरज नव्हती.

मनोजच्या आईने मुलीसकट सून घ्यायला होकार दिला, ही लहान गोष्ट नाही. त्यांची एवढीच अट असेल की आधीच्या सासरचा संबंध राहू नये, पोरीला एकच घर आणि एकच आजी-आजोबा असावेत, तर त्यात त्यांचं चुकत नाही. पोर दोन घरांमध्ये लोंबकळत राहिली तर तिचेच हाल. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. बहुतेक.

तेव्हा आम्ही लग्नाला येणार नाही. मनात आणू नको.

पण तू लिहिलंस, ‘केक मात्र आपल्या घरचा हवा.’ आपल्या घरचा, असं लिहिलंस. ते वाचून आई उठली आणि मैदा बघायला गेली.

मेच्या उन्हात बटरक्रीमचं काही खरं नाही, म्हणून तू सांगतेस तसं फाँडंट करू. दोन मजली करायचा. नमुन्याला एक करून पाहिला. फ्रीजमधून काढल्यावर फाँडंटला घाम सुटला आणि रंग पसरला, तेव्हा आता रंगवलेला फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, गारव्याला ठेवायचा. आई माठाशेजारची जागा मोकळी करतेय.

वर काय काढायचं ते तू माझ्यावर सोडलंस. मी बहावा काढणार आहे. सध्या शाळेमागचा बहावा फुललाय. मी खाली पाट टाकून बसतो आणि वहीत घोस उतरवतो. वरच्या मजल्याच्या कडेपासून घोस खाली सोडायचे, पिवळे, मध्ये एखादी हिरवी शेंग. गुलाब मला मुळात आवडत नाही, आणि तो सगळेच काढतात.

नावं पण मीच लिहीन. ‘मनोज – रुचिता’. कागदावर लिहून पाहिलं. ओळ सरळ आली. वाकडी जाईल असं वाटलं होतं.

मनस्वीला नव्या शाळेत कुठलं नाव लावणार तेही तू कळवलंस. बरोबर आहे. एकाच घरात दोन आडनावं कशाला.

बाबा


मुरबाड, १६ मे २०२५

चि. सौ. रुचितास अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी माफी मागतो. येणार नाही म्हणून लिहिलं आणि आलो. दोन मजले गाडीतून चढवलेले आणता येत नाहीत. एकावर एक जागेवर ठेवून सांधा रंगाने बुजवावा लागतो, आणि दामूला ते जमणार नव्हतं. आत जायचं, ठेवायचं, निघायचं, एवढंच ठरवलं होतं. आई गाडीतच बसणार होती. तू स्टेजवर खाली मान घालून बसली होतीस, आम्हाला पाहिलं नसशील. पाहिलं असशील तर दाखवलं नाहीस, ते तुझं बरोबर होतं. जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितो.

दामूने जीपच्या खिडक्यांना ओली गोणपाटं लावली होती. खालचा मजला आईच्या मांडीवर, वरचा माझ्या. किन्हवलीच्या पुढे रस्ता खणून ठेवलाय, तिथे आई खोका दोन्ही हातांनी असा उचलून धरायची की धक्का तिला बसावा, केकला नाही. शहापूरला पोचेपर्यंत तिचे दंड भरून आले होते. हॉलच्या बाहेर सावली नव्हती, गाडी तव्यासारखी तापली. मग मीच म्हटलं, चल आत, पंख्याखाली भिंतीला उभी राहा, कोण ओळखतंय.

केक टेबलावर चढवला. सांध्यावर दोन पाकळ्या काढल्या. ब्रश खिशात टाकून निघालो, तर दारात एक बाई आडव्या आल्या. हिरवी पैठणी, कपाळाला घाम.

‘केकवाले ना तुमी? चाललात कुठं? जेवल्याबिगर जायचं नाय.’

मी म्हटलं, गाडी थांबलीय. त्या ऐकेनात. ‘गाडीवाल्याला पण बोलवा. माझ्या पोराचं लगीन आहे, दारातून कोणी उपाशी जायाचा नाय.’

तेव्हा कळलं की ह्या मनोजच्या आई, जनाबाई.

मागच्या शेडमध्ये बँडवाले आणि मंडपवाले जेवत होते, त्या पंगतीत आम्हाला बसवलं. जनाबाई स्वतः वाढायला आल्या. आईच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘ती फुलं हातानं काढली? मला वाटलं चिकटवलीत.’

‘ह्यांनी काढली,’ आई म्हणाली. ‘मी नुसता केक केला.’

‘नुसता काय! मुलं किती तुमाला?’

मी पाण्याचा पेला उचलला. आई म्हणाली, ‘एक होता. आता नाय.’

जनाबाईंनी जिलबीचं ताट खाली ठेवलं आणि आईच्या हातावर हात ठेवला. त्यांना काही माहीत नव्हतं. मला खात्री आहे, माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, ‘आजी!’

आईने भातातला हात काढला आणि वळून ‘ओ’ म्हणाली. ठरवून नाही, असंच तोंडातून निघालं. जनाबाईही त्याच वेळी ‘काय गो?’ म्हणाल्या. मनस्वी धावत आली. पिवळा परकर, हातात फुगा. ती सरळ जनाबाईंच्या मांडीवर जाऊन पडली.

‘आजी, केक कधी कापणार?’

मी पानात बघत राहिलो. आई मात्र तिच्याकडे बघत होती. बघू नये एवढं बघत होती. मनस्वीने मान वर केली, आईच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. कपाळाला आठी घातली, विसरलेला शब्द आठवताना घालते तशी. मग जनाबाईंना विचारलं, ‘ह्या कोण?’

‘ह्या केकवाल्या आजी. तुज्या आईचा केक ह्यांनी केला.’

‘तुमी उद्या पण येणार?’

‘नाय गो बाय,’ आई म्हणाली. ‘उद्या दुसरीकडं केक हाय.’

तिच्या हनुवटीला जिलबीचा पाक लागला होता. आईचा हात उठला, पण त्याआधी जनाबाईंनी पदराने पुसला. पोर फुगा घेऊन निघून गेली.

निघताना जनाबाई दारापर्यंत आल्या. मोबाइल काढून म्हणाल्या, ‘तुमचा नंबर द्या. जानेवारीत आमच्या नातीचा वाढदिवस असतो. तुमचाच केक सांगीन, तुमीच घेऊन या. दरवर्षी या.’

मी तोंड उघडायच्या आत आईने नंबर सांगितला. तोंडपाठ आहे तिला, ओमकारने पाठ करून घेतला होता. तिने तो सावकाश सांगितला, जनाबाईंनी लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला, आणि आई ‘हो, बरोबर’ म्हणाली.

शेवटचा आकडा चुकीचा होता.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी दुरुस्त केला असता, माझ्या जिभेवर आला होता. अजूनही वाटतं, करायला हवा होता. वर्षातून एकदा, केकवाली म्हणून का होईना, ती त्या घरात गेली असती. पण तो मी तसाच राहू दिला, आणि आम्ही गाडीत येऊन बसलो.

किन्हवली मागे पडल्यावर मी विचारलं, ‘असं का केलंस?’

‘रुचितानं नको म्हटलंय ना,’ म्हणाली. मग तिने खिडकीवरचं वाळलेलं गोणपाट बाजूला सारलं. ‘बाई चांगली आहे. मला वाटलं होतं कडक असंल. चांगली आहे.’

दामू पुढे बसून नाक ओढत होता. त्याला वाटलं, आम्हाला ऐकू येत नाही.

रुचिता, हे वाचून तू काही करावंस म्हणून लिहिलेलं नाही. तुझा संसार नवा आहे, त्यात आम्हाला जागा करू नको. ज्या घरी तू गेलीस ते घर बरं आहे, हे आईने स्वतः पंगतीला बसून पाहिलं, तेवढं तुला कळावं. तिला तुझ्यावर राग नाही. तुला जे बोलली त्याचं काय करायचं ते तिला आजही कळत नाही, आणि आता बहुतेक कळणारही नाही. मी दामूला पत्रं न्यायची नाहीत म्हणून सांगितलंय. हे शेवटचं तो नाखुशीने नेतोय.

जानेवारीत जनाबाई त्या नंबरवर फोन लावतील आणि तो भलत्याच कोणाला लागेल. त्या तुला म्हणतील, अगं, ती केकवाली माणसं कुठे गेली, किती चांगली होती. तेव्हा तू गडबडू नको. म्हण, म्हातारी माणसं होती, काम बंद केलं असेल.

सुखी रहा.

तुझे बाबा